सिगारच्या पेटीतील भुंगेरे

सिगारच्या वेष्टनावर (सर्वांत बाहेरच्या पानावर) टाचणीने टोचल्यासारखे गोल छिद्र आणि पेटीच्या तळाशी तपकिरी भुकटी दिसली, तर तो तंबाखूच्या भुंगेऱ्याचाच प्रताप समजावा. हा जेमतेम 2 ते 3 मिलिमीटरचा तांबूस किडा आपल्या स्वयंपाकघरातील हळकुंडे, सुंठ आणि मिरचीही पोखरतो. त्यामुळे ह्युमिडॉर, म्हणजे आर्द्रता राखणारी सिगारची पेटी, मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवू नये. खरे नुकसान अळी करते. अंडी पुष्कळदा पानांबरोबरच घरी येतात आणि उष्णता वाढली की उबतात, म्हणून मुंबई-पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पेटीचे तापमान 20 अंशांच्या आसपास राखणे आर्द्रतेइतकेच महत्त्वाचे ठरते.

प्रादुर्भाव दिसताच सर्व सिगार, केवळ छिद्रे पडलेले नव्हे, हवाबंद पिशव्यांत दुहेरी बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान 3 ते 4 दिवस ठेवावेत. त्यानंतर एक दिवस फ्रीजच्या साध्या कप्प्यात आणि मगच खोलीत, तेही पिशवी न उघडता, आणावेत. घाई केल्यास वेष्टन तडकते किंवा त्यावर पाणी साचते. (पहिल्या वेळी मी ही घाई केली होती.) दरम्यान रिकामी पेटी कानाकोपऱ्यांसह झाडून घ्यावी, मात्र कीटकनाशक मुळीच फवारू नये. देवदाराच्या वासाने किडा मरतो, या समजावर विसंबू नये.