सुटलेला शब्द

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

दहा मिनिटं डोळे मिटले की डोक्यात बाजार भरतो, तेव्हा हे ध्यानबिन आपल्याच्यानं व्हायचं नाही, असं तू लिहिलंस. वाचून हसलो. माझ्या शॉर्टहँड क्लासमधलं तुझं मिनिटाला शंभर शब्दांच्या स्पीडचं पहिलं डिक्टेशन आठव. एक शब्द सुटला आणि तू तोच आठवत बसलास. सात सेकंदांत पुढचे बारा गेले, वही कोरीच. मी ओरडलो होतो, "अबे, जागा सोड न् पुढचा पकड!" लघुलेखन शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि श्वासाकडे लक्ष देणं मला तरी याहून वेगळं वाटलेलं नाही.

ज्याला आज माइंडफुलनेस म्हणतात, त्याच्या मुळाशी पालीतला 'सति' शब्द आहे, आपल्या स्मृतीचा सख्खा भाऊ. म्हणजे आठवण होणं. मन पळणारच. पळालंय हे ध्यानात आलं, तोच खरा सराव. तू नेमका त्या क्षणाला नापास म्हणून स्वतःला शून्य मार्क देऊन राहिलास! आणि पळणारा तू एकटा नाहीस. हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये 2,250 लोकांना फोनवर अवचित गाठून विचारलं, आत्ता हातात काय आहे आणि मनात काय. जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच.

माझं सांगू? सुरुवातीचे दोन महिने मी रोज पहाटे बसून घरमालकाशी मनातल्या मनात भांडायचो. फार मुद्देसूद भांडायचो. एक दिवस लक्षात आलं की दात आवळलेत. भांडण थांबलं नाही, पण दात सैल सोडता आले. तेवढ्यावर मी खूश होतो.

तर कर असं. पाठ ताठ, श्वास आपला आपण येऊ दे. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, दहापर्यंत. चुकलास की परत एकपासून, आणि कितीदा चुकलास याचा हिशेब ठेवायचा नाही. छाती धडधडत असेल तर उच्छ्वास थोडा लांबव. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराचीच सोय आहे. शांत जागा मात्र शोधू नकोस. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करून कोण बसणार बाप्पा? त्या घरघरीतच बस. व्हरायटी चौकात सिग्नल लाल असेल तेव्हा मोबाइल खिशात ठेव, तळपाय जमिनीला कुठे टेकलेत ते बघ. परीक्षेच्या हॉलमध्ये तुला हेच लागणार आहे, तिथे कोणी फुटाळा तलावाचं शांत पाणी आणून ठेवत नाही.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराचं विचारलंस. जा, पण परीक्षेनंतर. पहाटे चारला उठणं, मौन, फोन जमा आणि पहिले तीन दिवस नुसता श्वास. आत्ता तू तिथेही अभ्यासक्रमच आठवत बसशील.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. झोपच उडाली, जेवण जाईना, किंवा डोळे मिटले की भीतीच वाढायला लागली, तर बसणं थांबव आणि डॉक्टरांकडे जा. 14416 हा टेली-मानसचा सरकारी फोन मोफत आहे, रात्रीही लागतो. मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला आपल्या गावात आजही लोक सर्रास पागलखाना चौक म्हणतात, म्हणून पोरं तिकडच्या वाटेलाही जायला लाजतात. तू लाजू नकोस. मी सोबत येतो.

रविवारी सकाळी ये. आधी तर्री पोहे, मग ऐंशीच्या स्पीडचं डिक्टेशन. रस्त्याकडची खिडकी मी मुद्दाम उघडी ठेवणार आहे.

तुझा,
सर