लँडस्केप सोडून पहिल्यांदाच माणसांचे फोटो काढायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

गडकिल्ले, धबधबे, कासची फुलं भरपूर टिपून झाली, आता माणसांचे फोटो काढायचेत. पण कुणावर कॅमेरा रोखायचा म्हटलं की हात मागे येतो, आणि जवळची १०-१८ची वाइड लेन्स चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मीही डोंगरातूनच माणसांकडे वळलो, म्हणून लिहितोय.

लेन्सचं आधी उरकतो. १०-१८ने चेहरा मोठा यायचा तर हातभर अंतरावर जावं लागतं, आणि तेवढ्या जवळून कुणाचंही नाक पुढे आलेलं दिसतं. ५० एमएम एफ १.८ लेन्स घ्या (१.८ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं ते, आकडा लहान तितकं तोंड मोठं). क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, तिचा अँगल ७५-८० एमएमच्या लेन्ससारखा मिळतो आणि किंमतही आवाक्यातली आहे. फक्त सगळंच १.८ला काढू नका. मीटरभर अंतरावरून १.८ला पुढून मागे जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर एवढंच शार्प येतं. डोळा धरला की कान गेलाच. २.८ ते ४ ठेवा, फोकसचा एकच पॉइंट निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवा, शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००च ठेवायचा हट्ट आपल्या लँडस्केपवाल्यांना असतो, तो सोडा. १६००चा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, खपून जातो, हललेला चेहरा नाही. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढा, आणि जेपेग वापरत असाल तर कॅमेऱ्यातलं लँडस्केप प्रोफाइल, म्हणजे रंग गडद करणारी सेटिंग, तीही बदला. त्यात माणसं शेंदूर फासल्यासारखी दिसतात.

आता संकोचाचं. वारीला जा, जेजुरीला सोमवतीला जा, असं तुम्हाला दहा जण सांगतील. माझं मत उलट आहे. तिथे एवढे कॅमेरे असतात की कुणाशी न बोलताही ढीगभर फोटो मिळतात, आणि लांबून झूम लावून भंडाऱ्यातले चेहरे टिपले तरी तुमचा संकोच होता तिथेच राहतो. त्यापेक्षा ट्रेकला गेल्यावर ज्या घरी जेवता, तिथून सुरुवात करा. हरिश्चंद्रगडाला पाचनईतून चढत असाल, रतनगडाला रतनवाडीतून, तर पिठलं-भाकरीचं एखादं घर ठरलेलं असणारच. तिथली माणसं तुम्हाला ओळखतात. जेवण होऊ द्या, पावसापाण्याचं, भाताचं बोलून घ्या आणि मग सरळ विचारा, "मावशी, तुमचा एक फोटो काढू का?" नाही म्हणाल्या तर विषय तिथेच संपवायचा. लहान मुलांचा काढायचा तर आधी आईबापाला विचारायचं.

उजेड वाचायची तुमची सवय इथे फार कामाला येते. सकाळी नऊनंतर आपण कॅमेरा बॅगेत टाकतो, पण पडवीतला उजेड भर दुपारीही सुरेख असतो. माणसाला पडवीच्या कडेला, छपराच्या सावलीत, तोंड अंगणाकडे करून बसवा. डोक्यावरचं ऊन छपरानं अडतं आणि अंगणावरून उसळलेला मऊ उजेड डोळ्यांच्या खोबणीपर्यंत पोचतो. मागे घराचा काळोखा दरवाजा आला तर कॅमेरा फसतो, काळोख उजळायला जातो आणि चेहरा पांढरा पाडतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो ठरवून उजळ किंवा गडद करायची सेटिंग) उणे दोन-तृतीयांश ते उणे एक करून बघा. ट्रायपॉड मात्र टाकून देऊ नका, हे ऐकून काहींना हसू येईल. फ्रेम आधीच लावून ठेवली की कॅमेऱ्यामागून बाहेर येऊन गप्पा मारता येतात, आणि समोरच्याला काचेऐवजी तुमचं तोंड दिसतं.

एक गोष्ट डोंगर कधी करत नाही. फोटो म्हटल्यावर आजी उठतात, "थांब, चांगलं लुगडं नेसून येते" म्हणत आत जातात. आपल्याला हवं असतं ते अंगावरचं विटकं, चुलीच्या धुराचा वास लागलेलं. मनात येतं, अडवावं. अडवू नका. त्या केस चापून, पदर डोक्यावर घेऊन येतील, दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसतील, हसणार नाहीत. तसाच काढा. आपण कसं दिसावं हे त्यांनी ठरवलंय आणि तो हक्क त्यांचाच आहे. तो काढून झाला की स्क्रीनवर दाखवा. बहुतेक वेळा "बाई, किती म्हातारी दिसते मी!" असं काहीतरी येतं, सून मध्ये बोलते, आजी तिच्याकडे वळून काहीतरी सुनावतात. तेव्हा बोट शटरवर असू द्या. तो दुसरा फोटो तुमच्या आवडीचा असेल. तो ऑनलाइन कुठे टाकायचा असेल तर त्यांना तेवढं सांगून ठेवा.

प्रिंट मात्र लुगडं बदलून काढलेल्या फोटोची द्या, आणि पुढच्या खेपेला स्वतः नेऊन द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो नातवाच्या मोबाइलमध्येच राहतो, प्रिंट घरात भिंतीवर लागते. ती लागली की शेजारचे आपणहून विचारतात, आमचा कधी काढणार?

कॅमेऱ्याचं मॉडेल कळवलंत तर फोकसची सेटिंग्ज नेमकी सांगता येतील.