फॉरमॅट मारण्याआधी कॅबिनेट उघडा
कॉम्प्युटर हळू झालाय, व्हायरस असेल का, काय करू, असं तुम्ही विचारलंत. तुमचा 2013 सालचा आय-थ्री प्रोसेसरचा कॉम्प्युटर, चार जीबी रॅम, विंडोज 10, त्यावरच बिलं आणि जीएसटीचं काम. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा नि अँटिव्हायरस घ्या, मुलगा म्हणतो भंगारात द्या. मला विचाराल तर दोन्ही नको. अँटिव्हायरसचे पैसे एसएसडीत, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये घाला.

पण त्याआधी कॅबिनेट उघडा. तुम्ही सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहता, शेजारी यंत्रमाग चालतात, तेव्हा आत काय असणार ते मी न बघता सांगतो. साधी धूळ झटकली की जाते. सुताचे बारीक तंतू मात्र प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटीत अडकतात आणि जाजमासारखा थर बसतो. त्यात आपला एप्रिल-मे! प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो व्हायरस आला. प्लग काढा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा (मोकळ्या पंख्यावर ब्लोअर मारला तर तो भलत्याच वेगानं फिरतो आणि खराब होऊ शकतो), मऊ ब्रशनं थर सोडवा, मग ब्लोअर मारा. इतरांना वर्षातून एकदा पुरेल. तुम्ही जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकल्यावर उन्हाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या आवराआवरीत एकदा करा.

उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेलही बदला. तो संपला की तारीख मागं जाते आणि बँकेची साइटसुद्धा 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणू लागते.

आता वेग. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत 100 टक्के दिसते का बघा. दिसत असेल तर बहुतेक जुनी हार्ड डिस्कच दमली आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर तिची तब्येत सांगतं. पिवळा 'कॉशन' आला तर त्याच दिवशी बिलं बाहेर कॉपी करा, बाकी सगळं नंतर. 256 जीबीची साटा एसएसडी तुम्हाला भरपूर झाली. रॅमचं मागाहून बघू.

फॉरमॅट करून देताना 'फुकट' विंडोज टाकून देत असतील तर नको म्हणा. ते चालू करणारे अ‍ॅक्टिव्हेटर बहुतेक वेळा आधी डिफेंडर, म्हणजे विंडोजचाच अँटिव्हायरस, बंद करायला लावतात. मग वरून विकत घेतलेला अँटिव्हायरस काय राखण करणार? अस्सल विंडोज आणि चालू असलेला डिफेंडर घरच्या कामाला पुरतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात '5 व्हायरस सापडले' असं येतं म्हणालात, ते बहुधा कुठल्या तरी साइटला चुकून दिलेली नोटिफिकेशनची परवानगी आहे. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढा. पडद्यावरच्या नंबरला फोन करायचा नाही, कुणी सांगितलं म्हणून एनीडेस्क (दुसऱ्याला लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारं अ‍ॅप) टाकायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

झेरॉक्सवाल्याकडून परत आलेला पेनड्राइव्ह उघडण्याआधी स्कॅन करा. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर त्यावर क्लिक करू नका. बॅकअपची बाहेरची डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. लावलेलीच राहिली तर रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) तीही कुलूपबंद करतं.

विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. विंडोज अपडेटमध्ये जाऊन वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केली तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची सोय होते. विंडोज 11 तुमच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. पुढे विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाका. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडेल, मराठी टायपिंगही होईल. पण टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेलं आहे. बिलं त्यात असतील तर नव्या मशीनसाठी आत्तापासून पैसे बाजूला टाका, आणि हे जुनं इंटरनेटपासून तोडून मुलांच्या टायपिंगला ठेवा. तुम्ही बिलं टॅलीत करता की एक्सेलमध्ये, तेवढं कळवा.