जीव लावून परत यायचं, मग त्या मुलांचं काय?

रूथ (नाव बदललं आहे) बालवाडीत शिकवते. कोल्हापुरातल्या तिच्या चर्चमंडळीचा तरुण संघ युगांडातल्या एका अनाथालयात दहा दिवस सेवेला जाणार होता. तिचा पासपोर्ट आला होता, पैसेही जमले होते, पण झोप उडाली होती. समुपदेशनासाठी ती माझ्याकडे आली.

"मॅडम, पोरं गळ्यात पडणार, मी जीव लावणार आणि मग उठून विमानात बसणार. त्यांना एकदा कुणीतरी सोडून गेलंच आहे. मी परत तेच करणार का?"

पाळकसाहेबांनी प्रार्थना करायला सांगितलं होतं, आईने जाऊच नको म्हणून सांगितलं होतं. दोघांचंही मायेपोटीच. पण तिचा प्रश्न तिथेच होता. अशा सेवेला निघालेल्या बऱ्याच जणांच्या मनात तो असतो आणि मला तो फार मोलाचा वाटतो, कारण तो मुलांच्या बाजूने विचार करणाऱ्यालाच पडतो. म्हणून "काळजी करू नकोस" म्हणून मी तिची बोळवण केली नाही.

संस्थेत वाढणारी लहान मुलं अनोळखी माणसाच्या मांडीवर पटकन जाऊन बसतात. वाढदिवसाला अनाथाश्रमात जेवण देऊन आलेली माणसं आपल्याकडेही कौतुकाने सांगतात, "पोरं सोडतच नव्हती." खरं तर घरात वाढणारं दोन वर्षांचं मूल परका माणूस दिसला की आईच्या मागे लपतं. आपलं माणूस कोण, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ज्याला सांभाळणारे हात सतत बदलतात, त्याच्या मनात हे पक्कं होतच नाही, म्हणून ते कुणाकडेही जातं. रोमानियात बुखारेस्टला २००० साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. संस्थांमधल्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना कुटुंबांत ठेवलं गेलं. या मुलांची माणसांशी जवळीक आणि बुद्धीची वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली. वयाच्या दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची तर जास्तच. या वयात मुलाला रोज तेच माणूस लागतं. दहा दिवसांचा पाहुणा कितीही प्रेमळ असला तरी ते माणूस होऊ शकत नाही.

रूथने वहीत यादी केली होती, ती मी वाचायला मागितली. फुगे, केसांच्या पिना, रंगीत खडू, चॉकलेटं. खाली लिहिलं होतं, 'लहानग्यांना अंघोळ घालणे' आणि 'रोज एकेकाला कुशीत घेऊन झोपवणे'. शेवटच्या दोन ओळी मी तिला खोडायला सांगितल्या. तिचा चेहरा उतरला.

"मग मी तिथं जाऊन करायचं काय?"

तिचे वडील ती दुसरीत असताना गेले, हे तिने आधी सांगितलं होतं. त्या दिवसांत कोणाचा आधार वाटला, असं मी विचारलं. घर माणसांनी भरलं होतं, सगळ्यांनी पोटाशी धरलं, रडले आणि आठवड्याभरात गेले, म्हणाली. मग थोडी थांबून म्हणाली, "काकी रोज सकाळी माझ्या वेण्या घालायची. शाळा सुटेपर्यंत सुटायच्या नाहीत इतक्या घट्ट. तिचीही दोन लहान होती, तरी एक दिवस चुकवला नाही."

"तेव्हा काकीच्या हाताखाली कुणी मदतीला असतं तर?"

रूथने वही पुन्हा उघडली आणि आमचं खरं काम तिथून सुरू झालं.

तिथल्या मुलांनाही अशा काकी आहेत: संस्थेत पगारावर राहणाऱ्या, रात्री उठणाऱ्या, थकलेल्या बायका. रूथकडे बालवाडीचं कसब आहे. बाटल्यांची झाकणं, चिंध्या, जुनी खोकी यांतून खेळ कसे करायचे हे तिने त्या बायकांना शिकवायचं ठरवलं. खेळ घ्यायचा तो त्या बायकाच. रूथ बाजूला बसणार. खाऊ आणि पिना संस्थेकडे द्यायच्या, मुलांच्या हातात त्या बायकांकडूनच पडू द्यायच्या. मूल आपणहून जवळ आलं तर त्याला ढकलायचं नाही, पण त्याला रडू आलं, लागलं, भूक लागली की त्याच्या माणसाकडेच न्यायचं.

निरोपाची आम्ही तालीमच केली. पहिल्याच दिवशी सांगायचं, "मी रूथताई, पुढच्या शनिवारी परत जाणार." भिंतीवर दिवसांचा तक्ता लावून रोज एक चौकोन रंगवायचा. मी मूल झाले आणि विचारलं, "पुन्हा येशील?"

"नक्की येईन!"

पुन्हा म्हणायला लावलं. "बघू, देवाची इच्छा असेल तर." तेही नको, मूल त्यातून होकारच ऐकतं. शेवटी तिला सापडलं, "मला माहीत नाही. उद्या सकाळी तुला उठवायला तुझी आँटी आहे, ते मात्र माहीत आहे." निघताना डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, म्हटलं, फक्त तुझी समजूत काढायची पाळी मुलावर येऊ देऊ नकोस.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने मांडते. जगभरातल्या अनाथालयांमधल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीने मूल तिथे पोचतं. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं गोळा करणाऱ्या संस्थाही आहेत. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना याची दखल घेतली. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथांचा आणि विधवांचा समाचार एकत्रच घ्यायला सांगितलं आहे. विधवेच्या हाताला काम मिळालं तर तिचं मूल घरीच राहतं. म्हणून तरुण संघाने निघण्याआधी संस्थेला विचारावं: किती मुलांचे पालक हयात आहेत, त्यांना घरी पोचवायला तुम्ही काय करता, येणाऱ्या पाहुण्यांची पोलीस पडताळणी मागता का? आमची पडताळणी नको म्हणणाऱ्या संस्थेत मी तरी कुणाला पाठवणार नाही.

बाकीची तयारी सोपी आहे. यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. तिचा दाखला युगांडात शिरताना लागतो आणि भारतात परतताना विमानतळावरही. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारायचं. आईसाठी रोज फोनची एक वेळ ठरवून द्यायची.

परत आल्यावर रूथ काही दिवस गप्प होती. बालवाडी सुटताना एखादी आई पोराला कडेवर घ्यायची आणि हिचा गळा दाटून यायचा. हे होतंच. महिनाभरानंतरही झोप आणि जेवण रुळावर आलं नसतं, तर मात्र मी तिला नियमित यायला सांगितलं असतं. उपासनेत साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव सांगताना, तिने मुलांचे चेहरे पडद्यावर दाखवले नाहीत, त्या बायकांबद्दलच बोलली.

आता तरुण संघात पुढच्या खेपेवरून मतभेद आहेत. नवीन मुलांना संधी द्यावी, असं काहींना वाटतं. रूथचं म्हणणं, जाऊन आलेल्यांनीच पुन्हा जावं, म्हणजे तिथल्या बायकांना दरवेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. मी रूथच्या बाजूने आहे, आणि पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं.