टिपरेंच्या कॅसेटला बुरशी लागलीय, मोबाईलवर कशी घेऊ?

'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेचे भाग घरच्या व्हीसीआरवर घेतलेले, आता कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरं दिसतंय, असं तुम्ही लिहिलंय. मोबाईलचं नंतर. ती कॅसेट लावून बघू नका. बुरशीने टेपचे वेढे चिकटलेले असतात, प्ले दाबलं की कड फाटते. वर तीच बुरशी व्हीसीआरच्या हेडवरून (टेप वाचणारा भाग) पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते.

'यूट्यूबवर आहे की, टाकून दे' म्हणणारं घरात कुणीतरी असतंच. त्यांचं ऐकू नका. चॅनेलच्या प्रतीत आबा रोजनिशी लिहितात, पण मधल्या जाहिराती, कोपऱ्यातलं 'अल्फा मराठी' (झी मराठीचं जुनं नाव) हे तुमच्याच कॅसेटवर.

आधी रेकॉर्डिंगचा टॅब मोडलाय ना बघा, नसेल तर मोडा. कॅसेट पालथी करून पाच स्क्रू काढा, मग दोन्ही भाग दाबून धरून सुलटी करा आणि तेव्हाच झाकण उचला. टेप कुठून कशी फिरलीय त्याचा फोटो आत्ताच काढा, नंतर आठवत नाही. बुरशी ओलसर असेल तर पुसायला जाऊ नका, नुसती फासली जाते. बंद डब्यात सिलिका जेलसोबत दोन-चार दिवस ठेवा. भुकटी झाली की गॅलरीत, मास्क लावून, मऊ ब्रशने रिळाच्या कडा झाडा. मग धागे न सुटणाऱ्या कापडातून टेप हाताने एका रिळावरून दुसऱ्यावर घ्या. ई-१८० (तीन तासांची कॅसेट) असेल तर अडीचशे मीटर, तेव्हा घाई नको. चिकट जागी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही कापडाला, सॅनिटायझर नाही. रिळं दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवा.

व्हीसीआरचं हेड पुसताना शॅमी (मऊ चामड्याचा तुकडा) स्थिर धरून ड्रम, म्हणजे हेड बसवलेला गोल भाग, हाताने फिरवा. वर-खाली घासलं की हेड तुटलं. कापसाच्या काड्या तर नकोतच, तंतू अडकतात.

कॅप्चर, म्हणजे व्हीसीआरवरून संगणकावर घेणं: पॅल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम. डीव्ही या फाईल प्रकारात घेतलं तर तासाला १३ जीबी. स्वस्त डोंगलवर (व्हीसीआर संगणकाला जोडणारं यूएसबी यंत्र) आवाज मागे-पुढे होतो, कारण जुन्या टेपचा सिग्नल डगमगतो आणि डोंगल फ्रेम गाळतं. व्हीसीआर आणि डोंगलच्या मध्ये टीबीसी (डगमगता सिग्नल स्थिर करणारं सर्किट) असलेला डीव्हीडी रेकॉर्डर जोडा. मोबाईलसाठी शेवटी डीइंटरलेस करून (एका फ्रेममधली दोन अर्धी चित्रं सुटी करून) ५० फ्रेमची एमपी४.

हो, दमा असेल तर हे स्वतः करू नका. त्याच कॅसेटवर घरचं लग्न असेल तर पहिला प्रयोग तिच्यावर नको. आणि दुकानदार 'मशीनमध्ये घालूनच साफ करतो' म्हणाला तर कॅसेट परत घेऊन या.