गोट्याच्या छातीत मर्मर आहे, किती दिवस उरलेत?

प्रश्न: डॉक्टर, आमचा गोट्या ९ वर्षांचा आहे, पांढरा पॉमेरियन, वजन ८ किलो. लसीला नेला तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं की मर्मर (हृदयाच्या ठोक्यात जादा आवाज) आहे, व्हॉल्व्ह लीक होतोय, ६ पैकी ३ ग्रेड. तेव्हापासून घरात कुणाला जेवण गोड लागत नाहीये. गोट्या मात्र मजेत आहे, खातोय पळतोय, फक्त पाहुणे आले की किंवा पहाटे उठल्यावर ठसकतो. शेजारच्या काकूंच्या कुत्र्याला असंच झालेलं, पाण्याची गोळी (लघवीवाटे पाणी काढणारी) सुरू केली आणि सहा महिन्यात गेला. ती गोळी आत्ताच चालू करायची का? आणि खरं सांगा, किती दिवस उरलेत? अजून एक, सासरे त्याला रोज चहात बुडवून खारी देतात, चालतं ना?

उत्तर: ताई, आधी जेवून घ्या. मर्मर ऐकू आली म्हणजे तारीख ठरली असं नसतं. (आणि आपल्याकडे ज्याला सगळे पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, ८ किलो म्हणजे तर नक्कीच, पण असो, लहान चणीच्या कुत्र्यांमधे हा आजार कॉमन आहे हे दोघांनाही लागू.) डाव्या बाजूचा मायट्रल व्हॉल्व्ह वयाबरोबर जाड आणि वेडावाकडा होतो, नीट मिटत नाही, मग प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं मागच्या कप्प्यात जातं, त्याचाच तो आवाज. गोळीने व्हॉल्व्ह पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. जपानमधे डॉ. मासामी उएची यांनी त्याचं ऑपरेशन करून दाखवलंय, पण ते आपल्या आवाक्यातलं नाही म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

आता किती दिवस, तर ते हृदय किती मोठं झालंय यावर आहे, आवाजावर नाही. मर्मर आहे पण हृदयाचा साइज नॉर्मल, याला आम्ही बी१ टप्पा म्हणतो, याला औषध लागत नाही, आणि अशी कितीतरी कुत्री वर्षानुवर्षं जगतात आणि शेवटी दुसऱ्याच कशाने तरी जातात. हृदय मोठं झालं पण त्रास नाही, तर बी२. फुप्फुसात पाणी झालं, म्हणजे हार्ट फेल्युअर आलं, की सी, आणि नेहमीच्या औषधांना दाद देईना की डी. काकूंचा कुत्रा सी मधे होता, गोट्या बहुतेक बी मधे आहे, तुलनाच चुकतेय. म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, जवळपास सोय नसेल तर निदान छातीचा एक्सरे तरी.

बी२ निघाला तर मात्र पिमोबेंडन ही हृदयाची गोळी लगेच सुरू करा, जेवणाच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी. २०१६ साली ३६० कुत्र्यांवरचा एपिक नावाचा अभ्यास आला, त्यात या गोळीने हार्ट फेल्युअर साधारण १५ महिने लांबलं. कुत्र्याच्या आयुष्यात १५ महिने म्हणजे चिक्कार झाले. एकदा फेल्युअर आलं की हिशेब बदलतो, २००८ च्या एका अभ्यासात पिमोबेंडनवर असलेली निम्मी कुत्री साधारण नऊ महिन्यांच्या आत गेली किंवा त्यांना औषध पुरेनासं झालं आणि निम्मी त्यापुढे चालली, काही तर बरीच पुढे. तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून हे पण सांगितलं.

पाण्याची गोळी आत्ता नको. फुप्फुसात पाणीच नाही तर काढणार काय, उगाच किडनीवर ताण. आणि ठसका म्हणजे पाणी असंही नाही, मोठं झालेलं हृदय श्वासनळीवर दाबतं त्यानेही येतो, आणि स्पिट्झमधे श्वासनळीच लेचीपेची असणं हेही खूप दिसतं, पाहुणे आले की ठसकतो म्हणताय त्यावरून मला तोच संशय जास्त. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला.

घरी करायचं काम एकच, पण रोज. गोट्या गाढ झोपला की (स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हा नाही, धापा टाकत असेल तेव्हाही नाही) मोबाइलवर ३० सेकंद लावून छाती किती वेळा वर येते ते मोजा, दुप्पट करा, कॅलेंडरवर लिहा. ३० च्या आत असेल तर निवांत झोपा. दोन-तीनदा मोजूनही ३० च्या वर येतोय किंवा त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा रोज चढतोय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ४० च्या वर गेला, मान ताणून बसलाय, आडवा होत नाहीये, जीभ निळसर दिसतेय, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच घेऊन जा. अचानक चक्कर येऊन पडला तरी तेच.

फिरायला न्या, त्याच्या चालीने. मीठ एकदम बंद करायची गरज नाही, पण फरसाण, पापड, लोणच्याचा खार लागलेली पोळी हे नको. चहा तर कुठल्याच कुत्र्याला नको आणि खारीही बंद. सासऱ्यांना माझं नाव सांगा, हातात उकडलेल्या चिकनचा बिनमिठाचा तुकडा द्या, दोघंही आठवड्यात विसरतील.