जुन्या घडणीच्या हिऱ्याच्या अंगठीसाठी धातू आणि कारागीर

आधी हिरा नीट पाहा, धातू नंतर ठरवा. जुन्या पद्धतीच्या पैलूंचे हिरे बरेचदा किंचित पिवळसर असतात. अशा हिऱ्याला १८ कॅरेट पिवळं सोनं फार शोभतं. शुभ्र धातूत तोच पिवळेपणा उठून दिसू शकतो.

कडेला बारीक मण्यांची नक्षी आणि जाळीकाम हवं असेल, तर माझं मत प्लॅटिनमला. १९०० नंतरच्या काळात तसलं नाजूक काम प्लॅटिनममुळेच बहरलं. त्यावर चरे पडतात, पण धातू फारसा झिजून जात नाही. पांढऱ्या सोन्यावर बहुधा ऱ्होडियम या चकचकीत पांढऱ्या धातूचा मुलामा असतो. तो उतरतो आणि पुन्हा द्यावा लागतो. प्रत्येक वेळी पॉलिश केलं की नक्षी थोडी बोथट होते, हे आधी कुणी सांगत नाही!

कारागीर निवडताना मात्र घाई नको. दुकानाची सजावट बघू नका, त्याने केलेल्या अंगठ्या भिंगाखाली बघा. मणी एकसारखे आहेत का? नक्षी हाताने कोरली आहे की साच्यातून ओतली आहे? हिरा स्वतः बसवणार की बाहेर देणार, हेही विचारा. जुन्या हिऱ्याची कड कधी कधी फार पातळ असते, चुकीच्या दाबाने टवका उडतो. असे हिरे बसवायची सवय असलेलाच माणूस शोधा.